यदूला, हेडफोन परत करताना

डावी बाजू चिकटपट्टीने बांधली आहे,
रागावू नकोस.
गाणी ऐकली. तिन्ही.
दुसरं दोनदा, कारण मध्येच कुकरची शिट्टी झाली
आणि मला वाटलं ती गाण्यातलीच आहे.

आता सांगते, विचारलं नाहीस तरी.

आवाज कमी कर.
मी दिवसभर दवाखान्यात लोकांचे कान तपासते,
काचेच्या खोलीत बसवून म्हणते, ऐकू आलं की बोट वर करा.
तुझ्या वयाची पोरं बोट वर करत नाहीत,
मी बटण दाबून बसलेली असते.
मोठ्या आवाजात सगळंच चांगलं वाटतं,
भूक लागल्यावर लग्नातलं जेवण वाटतं तसं.
भिंतीपलीकडच्या कुजबुजीइतकं लाव.
तेव्हाही पाय हलला, तर ठेव.

तळाला फार गर्दी केली आहेस.
ढोल, बेस, तो घुमणारा सिंथ,
टँकरपुढे हंडे लावल्यासारखे एकमेकांना खेटून.
एकाला उठव.
कुणाला ते मला विचारू नकोस, एकेक बंद करून बघ,
ज्याच्या जाण्याने कुणाचंच अडत नाही
त्याला निरोप दे.
नेमकं तेच तुझं लाडकं निघेल.
माझंही निघालं होतं.

लॅमिंग्टन रोडवरून इतक्यात नवं काही आणू नकोस.
पगार झाला की पाय तिकडे वळतात, माहीत आहे.
माझ्या कपाटात एक महागडा मायक्रोफोन आहे,
त्याने आजवर टिपली ती फक्त
पंतनगरवरून उतरणारी विमानं.
दोन विमानांच्या मध्ये दीडेक मिनिट मिळतं आपल्याला.
त्यात मावेल तेवढंच गा.

झालं की फोनच्या फुटक्या स्पीकरवर ऐक,
मग भटवाडीच्या चढावर, रिक्षात, इंजिन धापा टाकत असताना.
रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, तर काहीतरी जमलंय.
त्याने स्वतःचा रेडिओ लावला
तर मुकाट्याने घरी ये.

फाइलला नाव नीट दे.
फायनल, फायनल नवीन, हेच फायनल आईशप्पत,
माझ्याकडे अशी एकोणीस आहेत,
त्यातलं चांगलं कोणतं होतं ते देवालाही आठवत नसेल.

आणि रीमिक्सचं म्हणशील तर
पेडामकर काकूंच्या कॅसेटबद्दल तुला बोलले नव्हते.
काकांचा आवाज होता तिच्यावर,
गोदीत मालाचे नग मोजायचे त्याच लयीत
नातवाला आकडे शिकवत होते.
अकरा, बारा, तेरा, मग खोकला, मग पुन्हा बारा.
मी विचारून घेतली. तूही विचारत जा,
गेलेल्या माणसाच्या आवाजालाही मागे घर असतं.
तीन रात्री बसून घासली ती कॅसेट.
पंख्याची घरघर काढली, खोकला कापला,
खाली एक ठेका घातला
आणि काकूंच्या कानांवर हेडफोन चढवला. हाच.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
म्हणाल्या, छान आहे गं. कोण बोलतंय?

त्याच रात्री पंखा परत लावला.
खोकलाही.
ठेका काढला नाही, थोडा मागे सरकवला,
आणि काका तेरावरून बाराला येतात
तिथे त्यालाही मागे यायला लावलं.
काकूंनी पुन्हा ऐकलं की नाही, ठाऊक नाही.
कॅसेट मात्र त्यांनी मागून नेली.

तुझ्या तिसऱ्या गाण्यात, दोन मिनिटं दहा सेकंदांवर,
मागे कुणीतरी दार वाजवतं.
तुझी आई असावी, ताट वाढून झालेली.
ते पुसायच्या आधी मला एक फोन कर.
पाचनंतर.
तोवर मी काचेच्या खोलीपाशी असते,
तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही.